केळीचा मर रोग : दोन वारशांची कथा



सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीचे खांब बांधलेले आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. फणी घेताना ती नीट पिकली आहे की नाही तेवढे आपण पाहतो. पण ‘केळीचे बी आणून द्या हो’ असे कुणी कुणाला म्हटल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे काय? नाही ऐकलेले, कारण खाण्याच्या केळ्यात रुजणारे बी नसतेच. मधोमध जे काळे ठिपके दिसतात, तेवढीच बियांची खूण शिल्लक राहिली आहे. मलायाच्या रानातली मूळची केळी सोलाल तर आत टणक काळ्या बियाच बिया. माणसाने हजारो वर्षांपूर्वी त्यातली बिनबियांची तेवढी निवडली आणि जपली.

बी नाही, मग लागवड कशी? जुन्या केळीच्या बुडाशी फुटलेला मुनवा खणून काढायचा आणि दुसऱ्या खड्ड्यात पुरायचा. झाले! सोपे आहे, स्वस्त आहे. पण यात एक मेख आहे. आंब्याच्या कोयीतून उगवलेले झाड आईसारखे असेलच असे नाही. त्याच्यात बापाचाही वाटा असतो. मुनव्याचे तसे नाही. मुनवा म्हणजे दुसऱ्या खड्ड्यात उभी राहिलेली आईच. तिचे गुण, तिचे दोष, तिची ताकद, तिचा दुबळेपणा, सारे जसेच्या तसे. शंभर एकरांवर केळी उभ्या असोत की लाख एकरांवर, वाण एकच असेल तर वारशाच्या हिशेबाने ते एकच झाड.

आज मी तुम्हांला ज्या रोगाची हकीगत सांगणार आहे, तिचे मूळ इथे आहे. एका बाजूला कधी न बदलणारी केळ आणि दुसऱ्या बाजूला सतत बदलणारी, मातीत दडून बसणारी एक बुरशी. या दोघींच्या वारशांची गाठ पडली आणि दीडशे वर्षांत केळीच्या व्यापाराची उलथापालथ झाली.

हकीगत सुरू होते ऑस्ट्रेलियात. ब्रिस्बेन शहराजवळ ईगल फार्म नावाच्या ठिकाणी 1874 साली काही केळी वाळू लागल्या. डॉ. जोसेफ बँक्रॉफ्ट यांनी त्या पाहिल्या आणि 1876 साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हे गृहस्थ पेशाने वैद्य. हत्तीपाय रोगाच्या जंताला शास्त्रज्ञांनी ज्या बँक्रॉफ्टचे नाव दिले, तेच हे. माणसाच्या रक्तातला जंत शोधणाऱ्या डोळ्यांनी केळीचे दुखणेही टिपले. पण त्या वेळी त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. थोड्या बागा वाळल्या, एवढेच.

दरम्यान पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला निराळेच नाटक चालले होते. ‘ग्रो मिशेल’ नावाचे पूर्वेकडचे एक केळ 1835च्या सुमारास मार्टिनीकमार्गे जमैकात पोचले होते. घड मोठा, साल जाड, चव गोड. जहाजात घडच्या घड रचून ठेवा, फळ डागाळत नाही. 1870 साली लोरेन्झो बेकर नावाच्या अमेरिकन कप्तानाने जमैकाहून 160 घड आपल्या गलबतात घातले आणि अमेरिकेत नेऊन विकले. बक्कळ पैसा मिळाला. मग काय, बघता बघता आगगाड्या आल्या, गोदामे आली, मोठमोठ्या कंपन्या आल्या. 1899 साली युनायटेड फ्रूट कंपनी स्थापन झाली. कोस्टारिका, पनामा, होंडुरास, ग्वाटेमाला या देशांतली जंगले तोडून क्षितिजापर्यंत केळी लावल्या गेल्या. आणि त्या सगळ्या ग्रो मिशेल. सगळ्या एकाच वारशाच्या.

तिथे 1890च्या सुमारास तेच दुखणे दिसू लागले. पनामात त्याने एवढा धुमाकूळ घातला की रोगाला नावच ‘पनामा रोग’ पडले. वास्तविक पनामाचा त्यात काय दोष? पण नावे अशीच पडतात.

रोगाची लक्षणे आता ऐका. आपल्याकडच्या बागाईतदारालाही ती ठाऊक असावीत. प्रथम खालची, जुनी पाने कडेने पिवळी पडतात. मग देठ खोडापाशी मोडतो आणि पान लोंबकळू लागते. एकामागून एक पाने अशी खोडाभोवती लोंबतात, जणू केळीने वाळक्या पानांचा घागरा नेसला आहे. कित्येकदा खोड बुडाशी उभे चिरते. खोड आडवे कापले तर पांढऱ्या गाभ्यात तांबूस-तपकिरी वलये दिसतात. कंद कापला तर तसेच डाग. पानांवर ठिपके पाडणारा करपा निराळा, बरं का! करप्यावर फवारणी चालते. या रोगावर चालत नाही. शत्रू पानावर नसून मुळात, आणि मुळातून थेट नसांत शिरलेला असतो.

हा शत्रू कोण, हे ठरायला वेळ लागला. 1910 साली अर्विन स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने क्यूबातून आलेल्या रोगट केळीतून एक बुरशी वेगळी केली आणि तिला ‘फ्युझेरियम क्युबेन्स’ असे नाव दिले. पण बुरशी सापडली म्हणजे तीच गुन्हेगार असे होत नाही. मेलेल्या झाडावर नुसती चरायला आलेलीही असू शकेल. 1919 साली ब्रँडिस यांनी पोर्टोरिकोत कसून प्रयोग केले आणि रोग याच बुरशीने होतो हे सिद्ध केले. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची वेळ टळली.

या बुरशीचे चरित्र मोठे चिवट. केळ नसेल तेव्हा ती जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपात मातीत झोपून राहते. एकदोन वर्षे नव्हे, दशकानुदशके. जवळ केळीचे मूळ आले की त्याच्या स्रावाने ती जागी होते, मुळात शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिकांत पसरते. केळही स्वस्थ बसत नाही. नलिकांत डिंकासारखे बोळे घालून ती वाट अडवू पाहते. पण त्या झटापटीत नलिकाच तुंबतात, पाणी वर चढत नाही, आणि भर पाण्यात उभी असलेली केळ तहानेने मरते.

अमेरिकेतल्या कंपन्यांनी यावर कोणता इलाज केला? पहिला इलाज पळ काढण्याचा. बाग मेली की ती जमीन टाकायची आणि पुढचे जंगल तोडायचे. मागे राहायचे उखडलेले रूळ, ओस वसाहती आणि कामाला मुकलेले मजूर. दुसरा इलाज जमिनी महिनोन् महिने पाण्याखाली बुडवून ठेवण्याचा. होंडुरासमध्ये तो मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. थोडे दिवस बरे वाटले. पुन्हा केळी लावल्या, काही वर्षांत पुन्हा रोग. सुमारे पन्नास वर्षांत 40,000 हेक्टरांच्या आसपास ग्रो मिशेलची लागवड नष्ट झाली किंवा सोडून द्यावी लागली, असा अंदाज आहे.

तेव्हा कंपन्या दुसऱ्या केळीकडे वळल्या. या केळीची कथाही गमतीची आहे. मूळची ती चीनच्या दक्षिण भागातली. मॉरिशसमार्गे ती 1830च्या सुमारास इंग्लंडात आली आणि डेव्हनशायरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थ येथील काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळीबुवांनी ती वाढवली. ड्यूकचे घराणे कॅव्हेंडिश, म्हणून केळीचे नावही ‘कॅव्हेंडिश’. पुढे जॉन विल्यम्स या मिशनऱ्याने तिचे मुनवे सामोआ बेटांवर नेले आणि तिथून ती पॅसिफिकभर पसरली. साल पातळ, म्हणून तिला खोक्यांतून पाठवावे लागे. पण मध्य अमेरिकेतल्या रोगट जमिनीतही ती ताठ उभी राही. 1950च्या दशकाच्या अखेरीपासून बदल सुरू झाला आणि 1960चे दशक सरता सरता निर्यातीच्या बाजारातून ग्रो मिशेल जवळजवळ नाहीशी झाली.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तुमच्या ध्यानात आले का, की चूक होती तशीच राहिली? एक वाण गेले आणि त्याच्या जागी पुन्हा एकच वाण आले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे ठेच लागलेला स्वतःदेखील शहाणा झाला नाही.

1967 साली तैवानमध्ये कॅव्हेंडिश केळी याच रोगाने वाळू लागल्या. 1990च्या दशकात मलेशिया आणि इंडोनेशियातल्या नव्या मोठ्या बागा बसल्या. शास्त्रज्ञांनी या बुरशीला ‘उष्णकटिबंधीय चौथा वंश’ असे नाव दिले. 1997 साली ती ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात सापडली. 2013च्या सुमारास जॉर्डन आणि मोझांबिकमध्ये तिची नोंद झाली. 2019 साली कोलंबियात, 2021 साली पेरूमध्ये. ज्या अमेरिका खंडातून ग्रो मिशेलला हाकलले गेले, तिथे आता कॅव्हेंडिशवर तोच प्रसंग आला.

इथे एक प्रश्न उभा राहतो. मध्य अमेरिकेतल्या रोगट मातीत जी केळ ताठ राहिली, ती तैवानमध्ये का मेली? जुन्याच शत्रूने नवे डावपेच शिकून घेतले, की हा शत्रूच दुसरा? याचे उत्तर खोडाच्या चिरेतून मिळण्यासारखे नव्हते. त्यासाठी बुरशीचा वारसाच, म्हणजे तिची जनुके, वाचावी लागली.

जनुक म्हणजे जिवाच्या प्रत्येक पेशीत जपून ठेवलेली एकेक सूचना. अमुक प्रथिन तयार करावे, तमुक वेळी करावे, अशी. या सूचना ज्या लांबलचक धाग्यांवर ओवलेल्या असतात त्यांना गुणसूत्रे म्हणतात. 1940च्या दशकात हॅरल्ड फ्लॉर या अमेरिकन शास्त्रज्ञाने जवसावरील तांबेऱ्याचा अभ्यास करताना एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. जवसाची प्रतिकारशक्ती जवसाच्या ज्या जनुकावर अवलंबून असते, त्याच्या जोडीचे एक जनुक तांबेऱ्याच्या बुरशीतही असते. रोग होणार की नाही, हे या दोघांच्या जोडीवर ठरते. कुलूप आणि किल्ली, दोहोंचा विचार एकदम करावा लागतो.

केळीच्या बुरशीची एक सख्खी भाऊबंद टोमॅटोवर रोग आणते. अॅमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी 2004 साली रोगी टोमॅटोच्या नसांतला रस तपासला, तेव्हा त्यात बुरशीने सोडलेले एक छोटेसे प्रथिन सापडले. अशा प्रथिनांना त्यांनी ‘सिक्स’ असे नाव दिले. त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ ‘जलनलिकेत स्रवलेले’ असा आहे. हे प्रथिन बुरशीला रोग पसरवायला मदत करते. पण टोमॅटोच्या काही जातींत ते ओळखणारे जनुक असते; तिथे हेच प्रथिन पाहून झाड सावध होते आणि बुरशीला अडवते. चोराची पहार हीच चोराची ओळख ठरते.

याहून नवलाची गोष्ट 2010 साली उजेडात आली. टोमॅटोवरच्या बुरशीच्या पंधरा गुणसूत्रांपैकी काही तिच्या रोजच्या जगण्याला लागतच नाहीत. ती जणू वरकड सामान आहेत. हल्ला करण्याची हत्यारे मात्र त्याच सामानात. शास्त्रज्ञांनी ही रोगकारक बुरशी आणि दुसरी एक निरुपद्रवी बुरशी अशा दोघी एकाच बशीत वाढवल्या. तेव्हा पहिलीचे वरकड गुणसूत्र दुसरीत उतरले, आणि काल-परवापर्यंत गरीब असलेली दुसरी बुरशी टोमॅटोला मारू लागली! आईबापांकडून मुलांकडे जाणारा वारसा आपल्याला ठाऊक आहे. हा शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे गेलेला वारसा.

मग केळीच्या बुरशीतही अशी हत्यारे सापडू लागली. त्यांतले ‘सिक्स-1’ हे जनुक चौथ्या वंशातून काढून टाकले, तर कॅव्हेंडिशवरचा तिचा जोर कमी होतो, असे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. ‘सिक्स-8’ हे जनुक चौथ्या वंशात मिळते, जुन्या पहिल्या वंशात मिळत नाही. म्हणून माती किंवा खोडाचा नमुना तपासताना शत्रू कोणता हे ओळखायला त्याचा उपयोग होतो.

आणि 2024 साली आपल्या प्रश्नाचे उत्तर आले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील ली-जुन मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतून आणलेल्या या बुरशीच्या 36 नमुन्यांचा जनुकसंच वाचला आणि ताडून पाहिला. निष्कर्ष असा, की कॅव्हेंडिशला मारणारा चौथा वंश हा ग्रो मिशेलला मारणाऱ्या वंशाचा वारस नव्हे. दोघांची वाटचाल निरनिराळी. चौथ्या वंशाने आपली वरकड जनुके वेगळी जमवली आहेत आणि ती गुणसूत्रांच्या टोकांशी जोडलेली आढळतात. त्यांतल्या काहींचा संबंध नायट्रिक ऑक्साइड या वायूशी आहे. बुरशी आत शिरताना हा वायू एकदम मोठ्या प्रमाणात तयार करते. तो झाडाला बाधतो. आणि स्वतःला तो बाधू नये म्हणून त्याचे विष उतरवण्याची सोयही तिच्यापाशी आहे. या वायूच्या निर्मितीवर ताबा ठेवणारी दोन जनुके काढून टाकली तेव्हा बुरशीचा जोर पुष्कळच ओसरला.

या शोधाने जुना इतिहासही नव्याने वाचावा लागतो. आपण समजत होतो की 1960च्या दशकात कॅव्हेंडिशने पनामा रोगाला हरवले. तसे झाले नव्हते. मध्य अमेरिकेच्या मातीत जो शत्रू होता त्याच्याजवळ कॅव्हेंडिशच्या कुलपाची किल्ली नव्हती, एवढेच. आशियाच्या मातीत वाढलेल्या दुसऱ्या एका वंशाजवळ ती होती. मग आपणच त्याच्यापुढे हजारो मैल एकच कुलूप लावलेली घरे बांधून दिली. रोग बुरशीच्या जनुकांमुळे होतो हे खरे. पण त्याची साथ झाली ती आपल्या एकसुरी लागवडीमुळे.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे दूरदेशीचे. पण जगात सर्वांत जास्त केळी पिकवणारा देश भारत आहे. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांचे अर्थकारण केळीवर उभे आहे. तिथली जुनी ‘बसराई’ ही ठेंगणी कॅव्हेंडिशच; तिच्यानंतर आलेली ‘ग्रँड नैन’, जिला शेतकरी जी-नाईन म्हणतात, तीही कॅव्हेंडिशच. रस्थाळी आणि मालभोग यांसारखी जुनी गोड केळी पहिल्या वंशाच्या तडाख्याने देशाच्या कित्येक भागांत मागे पडली होतीच. 2019च्या सुमारास बिहारमधील कटिहार आणि पूर्णिया भागात व उत्तर प्रदेशात चौथा वंश आढळल्याचे शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. म्हणजे शत्रू घरात आला आहे. फक्त कोणत्या खोलीपर्यंत, एवढाच सवाल.

मग इलाज काय? शास्त्रज्ञ स्वस्थ नाहीत. तैवानच्या संशोधकांनी ऊतिसंवर्धनाने वाढवलेल्या हजारो रोपांतून आपोआप थोडी बदललेली रोपे हेरली, ती रोगट जमिनीत लावून पाहिली आणि त्यांतून बऱ्यापैकी तग धरणारे वाण काढले. ऑस्ट्रेलियात जेम्स डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानकेळीतले एक प्रतिकारक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातले. गंमत म्हणजे हे जनुक कॅव्हेंडिशमध्येही आहे. पण तिथे ते जवळजवळ मुके असते. रोगट जमिनीत तीन वर्षे चाललेल्या चाचणीत त्यांच्या एका वाणाला रोग मुळीच झाला नाही, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाने अशा केळीला मान्यता दिली. ही मोठीच मजल आहे. पण एका केळीच्या जागी दुसरी एकच केळ पुन्हा जगभर लावली, तर बुरशीला काय, ती उद्या आणखी कोणा शेजाऱ्याकडून नवी किल्ली मागून आणील. तिला वारसा बदलता येतो. केळीला येत नाही. केळीच्या वतीने तो बदल आपण करावयाचा असतो, आणि तो एकाच जातीने होत नाही.

तोवर शेतकऱ्याच्या हाती काय आहे? वाटते त्याहून पुष्कळ आहे. रोगट बागेतला मुनवा कुणी फुकट दिला तरी घेऊ नये. खात्रीच्या प्रयोगशाळेतले रोप निर्मळ येते, म्हणून ते लावावे; मात्र जमीनच रोगट असेल तर तेही वाचत नाही, हे विसरू नये. बुरशी उडत येत नाही. ती येते मुनव्याच्या कंदाला चिकटलेल्या मातीतून, कुदळीच्या पात्यावरून, ट्रॅक्टरच्या चाकातून, पाटाच्या पाण्यातून, आणि पाहुण्याच्या चपलेतून. परगावच्या बागेत जाऊन आलात तर आपल्या बांधावर पाय टाकण्यापूर्वी चपला-बूट धुवावेत. वाळलेली केळ तोडून कालव्यात टाकू नये. टाकलीत तर खालच्या साऱ्या बागांना रोग वाटून दिलात असे समजा. संशय येताच कृषी खात्याला किंवा कृषी विद्यापीठाला कळवावे. लपवून ठेवू नये. आणि बांधाला, परसात, विहिरीपाशी एखादी सोनकेळ, एखादी वेलची, एखादी राजेळी जरूर जगवावी. बाजारात तिला भाव कमी मिळेल. पण उद्या ज्या जनुकासाठी शास्त्रज्ञ रानोमाळ हिंडतील, ते कदाचित तुमच्या परसातच उभे असेल.

ब्रिस्बेनच्या त्या वैद्यबुवांनी वाळलेल्या केळी पाहिल्या, तेव्हा जनुक हा शब्दही जन्मला नव्हता. आज आपण शत्रूची सारी हत्यारे मोजू शकतो. एवढे कळूनही आपण तीच चूक तिसऱ्यांदा केली, तर मात्र बुरशीला नावे ठेवण्यात अर्थ उरणार नाही.